मिसरूड फुटलं नाही म्हणून गप्प बसू नको

भावा, "आपल्या घराण्यात पोरं उशिराच वाढतात" हे खरंही असेल, पण तपासल्याशिवाय धरून बसू नको. मुलांत 14 आणि मुलींत 13 वर्षांपर्यंत वयात येण्याची एकही खूण नसेल तर हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवायचंच. तू तर 18 पार केलीस.

रक्त सकाळी लवकर दे: टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि एलएच, एफएसएच (अंडकोषांना कामाला लावणारे, मेंदूतल्या ग्रंथीतून येणारे हार्मोन) तपासतात. डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. आणि एक गोष्ट स्वतःहून सांग, मला ती कित्येक वर्षं कुणी विचारलीच नव्हती: वास येतो का? घरात तांबड्या रश्श्याची फोडणी बसली, तिखटाचा ठसका लागतो, पण वास म्हणून काही कळत नाही, असं असेल तर कालमन सिंड्रोमची शंका येते, म्हणजे वयात आणणारे हार्मोन कमी आणि वासही येत नाही असा जन्मजात आजार.

तालमीत कुणी अंग कमवायचं इंजेक्शन देतो म्हणाला तर अजिबात घेऊ नको. नीट उपचारांनी आवाज, दाढी, अंग हळूहळू भरतं, हाडांनाही बळ येतं. मूल व्हायला मात्र वेगळी इंजेक्शनं लागतात, अनेकांना ती लागू पडतात. पहिल्याच भेटीत विचार.

आईसमोर बोलायला अवघडत असेल तर मामाला सोबत ने.