जट कापायला पहिल्यांदा जाणार आहेस म्हणून

लोक जटेला देवीची खूण मानून ती कापत नाहीत. ती खरी का होते हे तुला पाठ असेल: केस विंचरले, धुतले जात नाहीत, तेल, धूळ, घाम साचून गुंता घट्ट होतो. पण तिथे गेल्यावर सुरुवात यानं करू नकोस. देव आहे की नाही या वादात तर शिरूच नकोस. जिची जट कापायची त्या बाईला आधी विचार, मान दुखते का? कुशीवर झोपता येतं का? डोक्यात उवा चावतात का? बोलू दे तिला.

आणि घरात कुणाला काय वाटतं ते नीट ऐक. भीती नुसती यल्लमा देवीच्या कोपाची नसते. उद्या नवरा आजारी पडला तर सासू म्हणेल, हिनं जट काढली म्हणून झालं. दोष तिच्या माथी येणार असतो. माणसाचं मन असंच चालतं, लागलेला योगायोग लक्षात राहतो, न लागलेले शंभर विसरतात. शिकलेल्यांचंही तेच, तुझं-माझंही. म्हणून सासूला शेजारी बसवूनच कात्री हातात घे, आणि नंतरही त्या घरी जात राहा. मला तर कापण्यापेक्षा हे पुढचं जाणंच महत्त्वाचं वाटतं.

कुणी म्हणेल, तुम्ही धर्म बुडवायला निघालात. तेव्हा शांतपणे सांग, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना हात लावत नाही. तो अघोरी प्रकार आणि फसवणूक रोखतो. त्यानंतरही कुणी तावातावानं बोललं, तर वाद वाढवू नकोस. त्या बाईचं डोकं अजून दुखतंय, तिच्याकडे वळ.