रोज भाडं मारणाऱ्या पिकअपची कामं घरी कशी करावीत? जादा पाटा टाकावा का?

तुमची गाडी सेकंडहँड डिझेल पिकअप आहे, रोज टोमॅटो नेते, आणि गॅरेजला लावली की दिवसाचं भाडं बुडतं. म्हणून जादा पाटा (एक्सलवरच्या स्प्रिंगची लोखंडी पट्टी) आणि हेडलाइटला जास्त वॅटचे बल्ब घरीच बसवायचा तुमचा विचार आहे. मी जुन्नर तालुक्यातला. माझीही पिकअप नारायणगावच्या बाजारात जाते, आणि माल असेल तेव्हा माळशेज घाट उतरून कल्याणला. आधी पाट्याचं सांगतो, कारण तिथे मी जिवावरची चूक केली आहे.

मागचे पाटे बसले होते, म्हणजे वजनाने सपाट झाले होते. भर सीझनमध्ये एका ओळखीच्याच्या सल्ल्यावरून दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकला. भरलेली गाडीही मागून उचललेली दिसायला लागली, मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी माळशेज उतरताना पुढच्या चाकांतून जळका वास आला आणि ब्रेकचं पेडल मऊ पडलं. पहिल्या गिअरवर गाडी कशीबशी आवरत मोकळ्या जागेत घेतली. घरी येऊन चाकं काढली तर पुढचे पॅड जळून गुळगुळीत झालेले, मागच्या ब्रेकचे लायनर मात्र जवळपास होते तसेच.

बऱ्याच पिकअपला मागच्या एक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. गाडी रिकामी असताना मागची चाकं जाम होऊन घसरू नयेत म्हणून ही सोय. जादा पाट्यामुळे बॉडी बसतच नाही. पंधराशे किलो माल असूनही व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी रिकामीच, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर. त्यात माझं ब्रेक ऑइल जुनं होतं. हे तेल हवेतली ओल ओढतं. डॉट ३ दर्जाचं नवं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल ओढलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं, आणि मग पेडलखाली नुसती वाफ असते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: जादा पाटा टाकू नका. बसलेल्या पाट्यांना कमान मारून (पुन्हा मूळचा बाक देऊन) घ्या किंवा मूळ मापाचा संच बसवा, आणि नंतर तो व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाला सेट करून घ्या. पाटा वाढवून पासिंग, म्हणजे कागदोपत्री मंजूर वजन, वाढत नाही. वीस किलोचे ७५ कॅरेट म्हणजे दीड टन झालाच, त्यात रिकाम्या कॅरेटचं वजन, तुम्ही आणि सोबतचा माणूस वेगळे. ओव्हरलोडचा दंड २०१९ च्या दुरुस्तीपासून वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे, पण मला दंडापेक्षा घाटाची भीती जास्त वाटते.

पाट्यांचं घरी करण्यासारखं काम म्हणजे पाटे एक्सलला धरून ठेवणारे यू बोल्ट आवळणं. ते ढिले पडले की पाटा बहुतेक मधल्या बोल्टच्या भोकापाशी तुटतो. पाटे उघडले असतील तर काही दिवस गाडी चालवून, चाकं जमिनीवर असताना, टॉर्क पान्याने पुन्हा आवळा. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीच जाऊ नका. घोडी (गाडी उचलून धरणारा पक्का स्टँड) लावा, चाकांना दगड लावा, घरच्या कुणाला तरी सांगून जा.

आता लाइट. शंभर वॅटचे बल्ब घेऊ नका, होल्डर वितळतात आणि समोरच्याला काही दिसत नाही. आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, लाइट चालू, आणि बल्बच्या पिनांवरच व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ च्या आसपास आणि बल्बवर साडेबाराच असेल तर दोष बल्बचा नाही, वायरिंगचा आहे. व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड तीसेक टक्के कमी होतो. जुन्या वायरिंगमध्ये ५५ वॅटच्या दोन बल्बांचा नऊ-दहा अँपिअर करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच, बसवा: त्याच्या ३० नंबरच्या पिनेला बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर, ८७ वरून बल्ब, ८५-८६ ला जुनी स्विचची वायर आणि अर्थ. लो आणि हायला वेगवेगळे रिले. अर्थिंगच्या जागेचा गंज घासून काढा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं. बीएस ६ गाडी असेल तर मूळ वायरिंग कापू नका, तयार हार्नेस (जोडणीच्या वायरींचा संच) मिळतो.

बाकी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढणं, शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) ग्रीस मारणं, एअर फिल्टर बदलणं ही संध्याकाळची कामं आहेत, बिनधास्त करा. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने एअर काढायला विसरू नका. ब्रेकची लाइन मात्र रविवारी दुपारनंतर उघडू नका. वॉशर, सील, तेल हातात असल्याशिवाय तर मुळीच नाही, कारण नट फिरला नाही तर पहाटे चारला माल भरायला गाडी नसेल, आणि त्या घाईत कुणीही ब्रेक अर्धवट जोडून निघतो.