आफ्रिकी संसदेच्या पहिल्या अध्यक्षा

प्रश्न : संपूर्ण आफ्रिका खंडाच्या संसदेचे पहिले अध्यक्षपद एका महिलेने भूषवले, हे खरे आहे का?

उत्तर : होय. टांझानियाच्या गर्ट्रूड मोंगेला यांची मार्च २००४ मध्ये अखिल आफ्रिकी संसदेच्या अध्यक्षपदी निवड झाली आणि २००९ पर्यंत त्यांनी ही धुरा वाहिली. व्हिक्टोरिया सरोवरातील उकेरेवे बेटावर जन्मलेल्या, अध्यापनापासून सुरुवात करून मंत्रिपदापर्यंत पोहोचलेल्या आणि काही काळ भारतात उच्चायुक्त राहिलेल्या मोंगेला यांनी १९९५ च्या बीजिंग येथील जागतिक महिला परिषदेचे महासचिवपदही सांभाळले होते. या संसदेला कायदे करण्याचा नव्हे, तर केवळ सल्ला देण्याचा अधिकार होता. तरीही प्रत्येक देशाच्या पाच प्रतिनिधींत किमान एक महिला असलीच पाहिजे, हा तिचा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो.