पावागडला रोपवेने जावं की चालत?

बडोद्यात नव्याने आलात, पावागडला रोपवेने जाऊन माथ्यावरच्या महाकालीचं दर्शन घेतलं की झालं का, असं तुम्ही विचारलंय. गुडघे धड असतील तर रोपवे उतरताना घ्या. वर मात्र पायथ्याच्या चांपानेरपासून चालतच जा. रोपवे माचीवर, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवर, सुरू होतो; तोवर अर्धा गड न बघताच मागे पडलेला असतो.

बडोद्याहून जेमतेम 50 किलोमीटर. पहाटेच निघा. अटक दरवाजा, मग एकामागून एक तटबंद्या, कड्यावरची सात कमान... ही चढण पायाखालून गेली की गुजरातच्या सुलतानाला, महमूद बेगड्याला, वर्षाहून जास्त वेढा का घालावा लागला, ते कळतं. दगड आपल्या सह्याद्रीचाच, थिजलेल्या लाव्हाच्या थरांचा (डेक्कन ट्रॅप) काळा बसाल्ट; माथ्याकडे मात्र रायोलाइट हा फिकट ज्वालामुखी दगड लागतो.

लोककथा अशी, की नवरात्रात महाकाली बाईच्या रूपात गरबा खेळायला आली आणि गडाचा राजा पताई रावळने तिचा पदर धरला. देवीने परोपरीने समजावलं, तो ऐकेना. मग तिच्या शापाने राज्य बुडालं. इथल्या घराघरांत ही कथा सांगतात, पण मला ती राजावर अन्याय करणारी वाटते. 1484 मध्ये गड पडला तेव्हा तो जखमी होऊन पकडला गेला, धर्म बदलायला त्याने नकार दिला आणि म्हणून मारला गेला. एवढ्या ताठ माणसाची आठवण एका पदरापुरती राहावी, याचं खरंच वाईट वाटतं.

मौलिया पठारावर लकुलीश मंदिर आहे, गडावरचं सर्वांत जुनं, साधारण हजार वर्षांचं. महाकालीच्या रांगेतले बहुतेक जण तिकडे वळतच नाहीत. तुम्ही वळा, आणि तिथे बसून शिदोरी सोडा. आपल्या बडोद्यातून वाहणारी, मगरींची विश्वामित्री याच डोंगरात उगम पावते. श्रावणात गेलात तर ओढे-धबधबे भरून वाहताना दिसतील. तेव्हा पायऱ्या निसरड्या असतात, चपलांऐवजी बूट घाला. चैत्र आणि आश्विनातली नवरात्रं टाळा, गर्दीत चालणंसुद्धा होत नाही.

खाली उतरल्यावर चांपानेरच्या जामा मशिदीला निदान तासभर द्या. युनेस्कोने 2004 मध्ये चांपानेर-पावागडला जागतिक वारसा ठरवलं, ते केवळ देवळामुळे नाही. परतताना बडोद्याच्या रस्त्याला लागूनच सर्पिल वाव आहे. 16व्या शतकातली ही गोल वळत जाणारी विहीर बघायला पाच मिनिटं पुरतात.