वाचकांचे प्रश्न : शटर गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी घेतलेला माझा डीएसएलआर मी मुख्यतः पक्ष्यांचे फोटो काढायला वापरतो. गेले दोन महिने वेगवान शटरवर काढलेल्या फोटोंची वरची कड काळी यायची. गेल्या आठवड्यापासून दर चार-पाच क्लिकनंतर स्क्रीनवर एरर येतो आणि बॅटरी काढून परत घातल्याशिवाय कॅमेरा हलत नाही. दुरुस्तीवाल्यांनी फोनवरच ‘शटर गेलं’ म्हणून सांगितलं. त्यांनी सांगितलेला खर्च याच मॉडेलच्या सेकंडहँड बॉडीच्या साठ टक्क्यांपर्यंत जातो. शटर काउंट, म्हणजे आजवरचे क्लिक, ८८,००० आहे. कंपनी मात्र शटर दीड लाख क्लिक टिकेल असं सांगते. मग इतक्या लवकर कसं गेलं? आणि एवढा खर्च करावा का?

उत्तर : तुमच्या पत्रातला ‘फोनवरच’ हा शब्द मला खटकला. कॅमेरा हातात न घेता शटरचं निदान होत नाही. तुमच्या बाबतीत त्यांचा अंदाज बहुधा बरोबर निघेल, तो का ते सांगतो. पण पैसे कबूल करण्याआधी तो तुमच्यासमोर सिद्ध व्हायला हवा. ‘शटर गेलं’ म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या कॅमेऱ्यांत कधी लेन्समधला डायफ्रॅम (उजेडाचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्या) अडकलेला निघाला, कधी आरसा उचलणारी मोटर थकलेली होती, तर कधी नुसते लेन्सचे कॉन्टॅक्ट काळे पडले होते. स्क्रीनवर तक्रार सारखीच दिसते, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधी काळ्या कडेबद्दल. शटर म्हणजे सेन्सरपुढचे दोन पडदे, आणि प्रत्येक पडदा काही पातळ पात्यांचा. क्लिक केलं की पहिला पडदा वरून खाली सरकतो आणि सेन्सर उघडा पडतो. ठरलेल्या वेळाने दुसरा त्याच दिशेने येऊन तो झाकतो. सेन्सरची उंची पार करायला पडद्याला साधारण तीन-चार मिलिसेकंद लागतात. त्यामुळे १/४००० सेकंदाला सेन्सर एकदम पूर्ण उघडत नाही. दोन पडद्यांमधली जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची फट त्याच्यावरून सरकत जाते. पहिला पडदा किंचित जरी रेंगाळला, तरी मागचा त्याला गाठतो, फट मिटते आणि तेवढ्या भागावर उजेड पडतच नाही. हे सहसा प्रवासाच्या शेवटी होतं, म्हणजे सेन्सरच्या तळाशी. लेन्स प्रतिमा उलटी पाडते, म्हणून सेन्सरचा तळ हा फोटोचा माथा. तुमची कड वरच काळी येते आणि वेगवान शटरवरच येते, म्हणून पडद्यावर माझाही संशय आहे.

खात्री करायला एकसारखा उजेड असलेल्या भिंतीचे फोटो काढा : १/३०, १/२५०, १/१०००, १/४०००. एक्स्पोजर सारखं राहील असं आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनक्षमता) बदलत जा, अ‍ॅपर्चर मात्र सगळ्यात मोठं उघडं ठेवा. १/३० चा फोटो स्वच्छ आणि वेग वाढेल तशी कड जाड होत गेली, तर दोष पडद्यांचा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं कारण असं की, त्या स्थितीत डायफ्रॅमला हालचालच करावी लागत नाही. तेव्हा एरर येत नसेल आणि एफ ८ ला, म्हणजे भोक लहान केल्यावर, येत असेल, तर गुन्हेगार लेन्स आहे. दुसरी लेन्स लावून एकदा पडताळा. फ्लॅश मात्र या चाचणीत वापरू नका. सिंक स्पीडच्या (सेन्सर एकदम पूर्ण उघडा राहतो अशा सगळ्यात वेगवान शटरच्या) वर, म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या वर गेलात, तर फ्लॅशच्या फोटोत धडधाकट शटरसुद्धा खालच्या बाजूला काळा पट्टा देतं. या पट्ट्याला घाबरून कॅमेरा घेऊन आलेल्यांना मी तसाच परत पाठवलेला आहे.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. इलेक्ट्रॉनिक शटरवर (यात पडदे हलत नाहीत, सेन्सरच चालू-बंद होतो) फोटो स्वच्छ आणि मेकॅनिकलवर, म्हणजे पडद्यांच्या शटरवर, काळा, एवढं दिसलं की निदान जवळपास झालंच.

आता ८८,००० चा प्रश्न. कॅनन ५डी मार्क ३ साठी दीड लाख, निकॉन डी ८५० साठी दोन लाख, कॅनन १डी एक्स साठी चार लाख, असे आकडे कंपन्या देतात. ते यंत्राच्या टिकाऊपणाच्या चाचणीतले आकडे आहेत, तुमच्या हातातल्या कॅमेऱ्याला दिलेलं वचन नव्हे. तीन लाख क्लिक होऊन ठणठणीत असलेली शटरं मी पाहिली आहेत आणि वीस हजारांत गेलेलीही. कधी कधी दोष कारखान्यातलाच असतो. २०१५ साली निकॉनने डी ७५० च्या काही कॅमेऱ्यांची शटरं फोटोचा काही भाग काळा पडतो म्हणून मोफत बदलून दिली होती. त्यामुळे तुमचा सीरियल नंबर कंपनीच्या अशा एखाद्या सूचनेत बसतो का, हे पैसे देण्याआधी पाहून घ्या. त्याला खर्च काहीच नाही.

बाकी वेळा कारण बाहेरून आत गेलेलं असतं. तुम्ही पक्ष्यांमागे हिंडता, म्हणजे पाणवठे, वाळू आणि उघड्यावर बदललेली लेन्स. मध्यंतरी एका कॅमेऱ्याचं शटर उघडलं, तर दोन पात्यांच्या मधे वाळूचा एकच कण होता. साध्या डोळ्यांना तो दिसेना. भिंगाखाली पाहिलं तर पात्याच्या काळ्या लेपावर त्याने एक चकचकीत रेघ ओढली होती, जिथून जिथवर पातं सरकतं तेवढ्याच लांबीची. प्रत्येक क्लिकला तो तिथे घासत होता. दुसऱ्या एका मिररलेसच्या पात्यावर अंगठ्याचा पूर्ण ठसा होता. लेन्स काढलेली असताना बंद शटरला कुणीतरी सेन्सरचं झाकण समजून पुसलं होतं. पातं वाकलेलं होतं एका केसाएवढं, पण तेवढं पुरतं. हवेचा दाबबंद डबा आत फवारल्यानेही असंच होतं. रबरी हातपंपाने धूळ उडवा, तीही नळी आत न घालता.

आता खर्च. शटर युनिट ही छोटीशी वस्तू आहे, तळहातावर मावते, आणि माझ्या बिलात पार्टपेक्षा मजुरीचाच आकडा बहुधा मोठा असतो. कारण शटर बसलेलं असतं कॅमेऱ्याच्या पोटात. तळाची पट्टी, मागचं झाकण, स्क्रीन, मेन बोर्ड, त्यावरच्या कागदासारख्या पातळ रिबन केबल, मग सेन्सर, आणि मग शटर. मी पांढऱ्या कागदावर कॅमेऱ्याची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवत जातो, कारण दीड मिलिमीटरच्या जागी दोन मिलिमीटरचा स्क्रू गेला तर तो आतली केबल फाडतो. कित्येक मॉडेलांत सेन्सरच्या स्क्रूंखाली अगदी पातळ चकत्या असतात. त्या इकडच्या तिकडे झाल्या की सेन्सर तिरका बसतो आणि फोटोची एक बाजू कायमची धूसर येते. सगळं परत जोडल्यावर दोन्ही पडद्यांचा वेळ यंत्रावर मोजून जुळवावा लागतो, फोकस तपासावा लागतो. कुणी अर्ध्या खर्चात करून देतो म्हणाला, तर हे शेवटचं जुळवण्याचं काम तो करणार आहे का, एवढंच विचारा.

तुम्हाला सांगितलेले साठ टक्के मला जास्त वाटतात. दोन शक्यता आहेत. एक म्हणजे त्यांनी आरशासकट सगळा पुढचा ब्लॉक बदलण्याचा खर्च धरला असेल. कित्येक मॉडेलांत शटर एकटं बदलता येतं आणि मोटर शाबूत असेल तर तेवढंच पुरतं. दुसरी शक्यता, न पाहता सांगायचं म्हणून वरचा आकडा सांगितला. म्हणून कॅमेरा तपासायला द्या, तपासणीचे पैसे द्यावे लागले तरी द्या, आणि लेखी घ्या : नेमका कोणता भाग बदलणार, तो नवा की दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढलेला, जुळवणी धरली आहे का, कामाची हमी किती महिन्यांची, आणि नको म्हणालात तर तपासणीचे किती लागतील. काढलेलं शटर परत मागा. चोख काम करणारा ते पुडीत बांधून देतो.

माझी स्वतःची रेघ निम्म्यावर आहे. सेकंडहँड बॉडीच्या निम्म्यापर्यंत खर्च असेल तर मी दुरुस्ती करा म्हणतो. त्यापुढे गेला तर बाकीची बॉडी पाहतो : माउंट (लेन्स बसते ती कडी) सैल नाही ना, बटणं दाबली जातात ना, कार्डाच्या खाचेतली पिन वाकलेली नाही ना. तुमच्या कॅमेऱ्यात हे सगळं ठीक असेल आणि आकडा निम्म्याच्या थोडासाच वर राहिला, तर तुमच्या जागी मी दुरुस्ती केली असती. सेकंडहँड घ्याल त्या बॉडीत कुणाच्या वाळूचा कण आहे हे तुम्हाला कळणार नाही. तुमच्या बॉडीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे आणि शटर नवं असेल. आकडा साठवरच अडून राहिला तर मात्र सोडून द्या आणि बॉडी पार्टसाठी विका.

तोपर्यंत कॅमेरा वापरत राहू नका. निखळलेलं पातं आरशात किंवा सेन्सरवर जाऊन पडलं की खर्च दुप्पट होतो. आणि व्हिडिओ पाहून घरी उघडू नका. वर उघडणारा फ्लॅश असलेल्या बॉडीत फ्लॅशचा कपॅसिटर असतो. बॅटरी काढल्यावरही त्यात सुमारे तीनशे व्होल्ट राहू शकतात. मी त्याचा झटका खाल्लेला आहे, कोपरापर्यंत हात बधिर झाला होता.

प्रश्न : मी नुकताच मिररलेस कॅमेरा घेतला. मेकॅनिकल शटर झिजू नये म्हणून कायम इलेक्ट्रॉनिक शटरच वापरलं तर चालेल का? मला टाइमलॅप्सची (ठराविक अंतराने फोटो काढून त्यांची फिल्म करण्याची) आवड आहे.

उत्तर : टाइमलॅप्ससाठी अगदी जरूर वापरा. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या फिल्मला १,४४० क्लिक लागतात. अशा सत्तर फिल्म झाल्या की एक लाख पार. त्या वापरात मेकॅनिकल शटर झिजवण्यात काही अर्थ नाही.

पण कायम नको. बहुतेक सेन्सर एकेक ओळ करून वाचले जातात, आणि सगळ्या ओळी वाचून व्हायला मेकॅनिकल पडद्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. तेवढ्यात धावणाऱ्या गाडीची चाकं तिरकी होतात, फिरणारा पंखा केळ्यासारखा वाकतो. एलईडी दिव्यांखाली फोटोभर आडवे पट्टे येतात, आणि ते नंतर काढायला फार त्रास होतो. निकॉनने २०२१ मध्ये झेड ९ मेकॅनिकल शटर न ठेवताच काढला, तो सेन्सर अतिशय वेगाने वाचला जातो म्हणून. सोनीचा २०२३ चा ए ९ मार्क ३ सगळा सेन्सर एकाच क्षणी टिपतो. तुमचा कॅमेरा या जातीचा नसेल, तर हलत्या गोष्टींना आणि दिव्यांच्या उजेडात मेकॅनिकल शटर बिनधास्त वापरा. ते त्यासाठीच आहे. वाचवून ठेवलेल्या शटरने कुणाचे फोटो चांगले आलेले मी पाहिलेले नाहीत.

प्रश्न : मी सतरा वर्षांची आहे. आजोबांचा जुना घडीचा फिल्म कॅमेरा सापडला. शटर लेन्सच्या आतच आहे. १/१०० ला टक् करून वाजतं, पण १ सेकंदाला लावलं तर उघडं पडतं आणि मिटतच नाही. शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोडू का?

उत्तर : सोडू नकोस. एक थेंबही नको. तुझ्या कॅमेऱ्यातलं शटर पाकळ्यांचं आहे आणि पाकळ्या कोरड्याच चालायला हव्यात. तेल लागलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि मग जे १/१०० चालतंय तेही बंद पडेल.

तुझं लक्षण फार ओळखीचं आहे. मंद वेगांसाठी आत घड्याळासारखी दातेरी चाकांची छोटी गाडी असते, तीच बंद होण्याला उशीर करते. शटर चांगलं असेल तर १ सेकंदाला एक बारीक गुणगुण ऐकू येते. कान लावून ऐक. तुला ती सुरू होऊन मधेच थांबलेली ऐकू येईल. वर्षानुवर्षं पडून जुनं वंगण घट्ट झालंय, एवढाच बहुतेक दोष. यात पार्ट लागत नाही, उघडून, धुऊन, चिमटभर ताजं वंगण योग्य जागी लावायचं असतं. म्हणजे खर्च पूर्णपणे हाताचा. मेकॅनिकल कॅमेरे करणाराच माणूस शोध. डिजिटल दुरुस्त करणारे सगळे हे करतातच असं नाही.

तोपर्यंत १/२५ च्या वरचे वेग नीट चालत असतील तर उन्हात एक रोल खुशाल काढ. आधी मागचं झाकण उघडून, फिल्म न घालता, प्रत्येक वेगावर दहा-दहा वेळा शटर उडव आणि पाकळ्या पूर्ण मिटतात का ते उजेडाकडे धरून पाहा. भात्याच्या घड्यांना भोकं पडलेली नाहीत ना, तेही अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून बघ. आणि कॅमेरा ठेवताना शटर ताणलेलं ठेवू नकोस, स्प्रिंग सैल असू दे.