शाळेनंतरचं पाळणाघर निवडताना

अगं, पाळणाघर बघायला सकाळी अकराला जाऊ नकोस. संध्याकाळी साडेपाचला जा, न कळवता. तेव्हा मुलं दमून किरकिरी झालेली असतात, सांभाळणाऱ्या ताईही थकलेल्या. अशा वेळी रडणाऱ्या पोराशी त्या कोणत्या सुरात बोलतात, ते ऐक. रंगीत भिंती आणि एसीपेक्षा मला तेच मोलाचं वाटतं. ताई सारख्या बदलतात का, हेही विचार. आमच्या पहिल्या ठिकाणी बदलायच्या, आणि लेक घरी येऊन गप्प बसायची. फार उशिरा कळलं मला. पोलीस पडताळणीचे कागद बिनधास्त माग. व्हॅनमधून कोण उतरवून घेतं, तेही बघ. लेकराकडून १०९८ हा बालमदत क्रमांक पाठ करून घे.