वडील फडावर, सही बाईंची

प्रश्न : कराड तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी शिक्षिका आहे. ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांची मुलं आमच्याकडे शिकतात. मधल्या सुट्टीत त्यातल्या नऊ वर्षांच्या मुलाला साप चावला. आई-वडील लांबच्या फडावर, फोन लागेना. कोपीवरून आजोबा आले आणि 'आधी देवऋष्याकडं न्या' म्हणून अडून बसले. मी 108 बोलावली, गाडीतल्या डॉक्टरांना सलाईन लावायला हो म्हटलं आणि आरोग्य केंद्रात संमतीच्या कागदावर सही केली. इंजेक्शननंतर मुलाला थंडी वाजली, अंगावर गांधी उठल्या. आता तो बरा आहे. पण वडील मुकादमाला घेऊन आले. 'न विचारता सुई टोचलीच कशी? माफीनामा लिहा, बुडालेली मजुरी भरा, नाहीतर केस करतो.' मुख्याध्यापक म्हणतात, सही तुमची, तुमचं तुम्ही बघा. माझं चुकलं का?

उत्तर : बाई, माफीनामा लिहून देऊ नका. पैसेही देऊ नका. दिलेत तर उद्या तोच कागद तुमची कबुली म्हणून पुढे येईल.

भारतीय न्याय संहितेचं कलम 27 बारा वर्षांखालच्या मुलांबद्दल आहे. मुलाच्या हितासाठी सद्भावनेने, पालकाच्या किंवा मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याच्या संमतीने काही केलं, तर तो गुन्हा होत नाही. शाळेच्या वेळेत मूल तुमच्या ताब्यात होतं. म्हणजे संमती द्यायला तुम्ही कुणी परक्या नव्हत्या. त्या दिवशीचं हजेरीपत्रक जपा, हा मुद्दा त्यावर उभा राहतो. (मुख्याध्यापकांनाही तेच दाखवा. शाळेच्या वेळेत मूल एकट्या वर्गशिक्षिकेचं नसतं.)

तुम्ही तिथे नसता, कुणीच जबाबदार माणूस वेळेत सापडला नसता, तरी डॉक्टर अडकले नसते. ती सोय कलम 30 मध्ये आहे. जुन्या दंड संहितेत हेच कलम 92 होतं. त्याच्या उदाहरणांतच अपघात झालेलं मूल आहे : पालकांना विचारायला वेळ नाही, मूल नको नको म्हणतंय, तरी जीव वाचवायला शस्त्रक्रिया करणारा सर्जन गुन्हेगार नाही.

आता आजोबा. हिंदू कुटुंबात नैसर्गिक पालक वडील, ते हाताशी नसतील तर आई. दोघं हयात असताना आजोबांचा नकार कायद्याने अखेरचा नाही. शिवाय साप चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. ज्या कायद्यासाठी साताऱ्याच्या डॉ. दाभोलकरांनी आयुष्य वेचलं, तोच हा. पण म्हणून घाबरलेल्या म्हाताऱ्यावर तक्रार करू नका. वडिलांनी पोलिसांत जायची भाषा केली, तर त्यांना हे शांतपणे ऐकवा.

खुद्द वडील समोर उभे राहून नको म्हणाले असते, तर प्रकरण अवघड होतं. तेव्हा 112 आणि 1098 फिरवून पोलीस आणि बालकल्याण समितीला मध्ये घ्यावं लागतं.

अपघातात मदत करणाऱ्याला हात लावता येत नाही, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ते मोटार वाहन कायद्याचं 134-अ कलम, रस्त्यावरच्या अपघातापुरतं. सापाला ते लागू नाही, त्यावर विसंबू नका.

गांधी उठणं, थंडी वाजणं ही सर्पविषावरच्या लसीची माहीत असलेली रिअॅक्शन आहे. तो ना डॉक्टरांचा हलगर्जीपणा, ना तुमचा. मात्र सद्भावना म्हणजे नुसता चांगला हेतू नव्हे, त्यात योग्य काळजीही आली. तुम्ही ब्लेडने जखम कापली असती, तर मी इतक्या ठामपणे लिहिलं नसतं.

सर्पदंशाची केस बहुतेक दवाखाने एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) म्हणून नोंदवतात. हवालदार जबाब घ्यायला आला म्हणजे तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असं नाही. घडलं तसं सांगा, वाचून सही करा. त्याआधी आजच एक टिपण लिहा : साप किती वाजता चावला, 108 ला फोन कधी केला, वडिलांना किती वेळा लावला, आजोबा काय म्हणाले. मोबाईलमधल्या कॉल यादीचा फोटो काढून ठेवा, ती पुसली जाते. टिपणाची एक प्रत केंद्रप्रमुखांना द्या आणि पोच घ्या.

वडिलांशी बोलायचंच असेल तर मुकादमाला वगळून बोला. मजुरीची मागणी मला त्याचीच वाटते.

आणि इथून पुढे टोळीतलं मूल शाळेत आलं की पहिल्याच दिवशी आई-वडिलांकडून दोन ओळी लिहून घ्या : तातडीच्या वेळी आम्ही सापडलो नाही, तर उपचारांना शाळेने संमती द्यावी. अंगठा असेल तर दोन साक्षीदार घ्या. खाली मुकादमाचा नंबरही लिहा, फडावर फोन बहुधा तोच उचलतो.